खिडकीच्या दोन बाजू

'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण आपण मराठी माणसांनी किती सहजपणे पत्करली आहे, याचा विचार केला म्हणजे नवल वाटते. या म्हणीत तक्रार आहे, पण राग नाही. पाऊस लांबला, धानाची परे वाळली, वडशाची गाडी चुकली, तसेच हेही झाले, असा तिचा सूर आहे. म्हणजे कचेरीतला विलंब हा आपण निसर्गाच्या खात्यावर टाकून दिला आहे. वास्तविक पाऊस कोणी पाडत नाही. पण दाखला मात्र कोणीतरी अडवून ठेवलेला असतो.

कचेरीच्या, बँकेच्या किंवा तिकिटाच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात नेहमी तीन प्रश्न असतात. माझ्याशी नीट का वागत नाहीत? माझ्या नावाने आलेला पैसा जातो कोठे? आणि माझ्याबद्दल एवढे सारे यांना कशाला हवे? पहिला प्रश्न सेवेचा, दुसरा सरकारी खर्चाचा आणि तिसरा खाजगीपणाचा. वर्तमानपत्रांतून या तिन्हींची चर्चा वेगवेगळ्या पानांवर होते. मला मात्र हा एकच प्रश्न वाटतो, आणि तो असा की, खिडकीच्या अलीकडच्या माणसाने किती सांगायचे आणि पलीकडच्याने किती सांगायचे? आजचा हिशेब असा आहे की अलीकडच्याने सर्व सांगायचे आणि पलीकडच्याने काही नाही. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात हा हिशेब किती महाग पडतो, आणि तो बदलण्याची कोणती साधने कायद्याने आपल्या हाती दिली आहेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. तरीही या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि सिरोंचापासून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा ठिकाणच्या माणसाला 'उद्या या' असे सांगणे म्हणजे काय, याचा अर्थ खिडकीपलीकडच्या बाबूला कळत नाही असे नाही. पण तो भोगावा लागत नाही. त्या एका शब्दात दोन दिवसांची मजुरी, येण्याजाण्याचे भाडे आणि एक रात्र बसस्थानकावरची, इतके सारे असते. शहरातल्या माणसाचा विलंबाने खोळंबा होतो; रानातल्या माणसाचा विलंबाने खर्च होतो.

अंतरापेक्षाही अवघड असते ती कागदाची मागणी. माझ्या वर्गात दरवर्षी अशी काही मुले असतात की ज्यांची शिष्यवृत्ती आणि पुढचा प्रवेश जात वैधता प्रमाणपत्रावर अडलेला असतो. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, महसुली नोंद, असे काही. ती तारीख ठरण्यामागे कारण आहे; राष्ट्रपतींचा जमातींच्या यादीचा आदेश त्या दिवसाचा आहे. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या जागा लाटल्या गेल्या, म्हणून पडताळणी कडक झाली हेही खरे. पण १९५० साली अहेरी-एटापल्लीच्या जंगलात शाळा किती होत्या? ज्या गावात सरकारने शाळाच काढली नाही, त्या गावच्या नातवाला सरकार आज आजोबांचा शाळेचा दाखला मागते. पुरावा निर्माण करणे हे ज्याचे काम होते, त्यानेच पुरावा नाही म्हणून दुसऱ्याला दोष द्यावा, असा हा प्रकार आहे. एका विद्यार्थिनीच्या अर्जावर मी स्वतः 'त्रुटी' एवढा एकच शब्द लिहिलेला पाहिला. कोणती त्रुटी, ते लिहिलेले नव्हते. तिच्या वडिलांनी मला विचारले, "सर, हे तुरटी म्हणजे काय जी? कोठे भेटते?" मला हसू आले नाही.

हे असेच असावे लागते असे मात्र नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तिच्यात गावातील वृद्ध माणसाचे लेखी निवेदन हाही एक पुरावा मानला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी मनावर घेतले, तर म्हाताऱ्याच्या आठवणीलाही कागदाची किंमत येऊ शकते.

आता साधनांकडे वळू. पहिली गोष्ट अशी की सगळ्या खिडक्या एका जातीच्या नसतात. काही खिडक्यांवर आपण पैसे देऊन सेवा विकत घेतो. बँक, विमा, वीज, टेलिफोन, एस. टी. यांच्या. तेथे आपण ग्राहक असतो. महाराष्ट्रात ही जाणीव जुनी आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. आणि देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी आला. म्हणूनच २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन मानतात. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या कायद्याने घेतली आहे आणि प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तेथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. पैसे देऊन घेतलेली सेवा सरकारी मंडळाची असली तरी ती या कायद्यातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. इतकेच नव्हे, तर नागरिकाच्या छळाबद्दलची भरपाई जनतेच्या तिजोरीतून न जाता जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल व्हावी, असेही त्या निकालात म्हटले आहे. हा निकाल आपल्याकडे पुरेसा वाचला गेला नाही.

दुसऱ्या जातीची खिडकी म्हणजे दाखल्यांची. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला, सात-बारा उतारा हे आपण विकत घेत नाही. ते आपल्याला देणे हे शासनाचे कर्तव्य असते. येथे ग्राहक आयोग सहसा उपयोगी पडत नाही. त्यासाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. या कायद्याचे सार थोडक्यात असे. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत ठरवून दिलेली असते. ती मुदत, फी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद हे कचेरीच्या फलकावर लावावे लागते. अर्जाची पोच क्रमांकासह द्यावी लागते. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे लागते. नुसते 'त्रुटी' लिहून भागत नाही. मुदतीत काम झाले नाही तर त्याच खात्यात पहिले व दुसरे अपील करता येते आणि शेवटी सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान आहे. पण 'पोच क्रमांक द्या' एवढे शांतपणे म्हणणाऱ्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

तिसरी खिडकी स्वस्त धान्य दुकानाची. येथे माणूस धान्य घेण्यापूर्वी स्वतःचा अंगठा देतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला ५ किलो धान्य हा हक्क आहे. पण तेंदूपाने तोडून, बांबू कापून, रोवणी करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही. "आजी, तुमचा अंगठा लागून नाही राहिला," असे दुकानदार म्हणतो, तेव्हा आजी बिचारी अंगठा पदराला पुसते. जणू काही चूक अंगठ्याची आहे! ज्या कष्टाने तिला गरीब ठेवले, त्याच कष्टाने तिची ओळख पुसावी, यापेक्षा मोठा अन्याय कोणता? केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले आहे की केवळ आधार किंवा अंगठा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये. ही गोष्ट प्रत्येक धान्य दुकानात मोठ्या अक्षरांत लावली गेली पाहिजे.

येथेच खर्चाचा प्रश्न येतो. यंत्र बसविले, संगणक आले, खोल्या बांधल्या, त्या कोणाच्या पैशाने? आपल्या. आयकर भरणाराच करदाता, असा एक गैरसमज आहे. काडीपेटी, साबण, मोबाईलचा रिचार्ज विकत घेणारा प्रत्येक माणूस कर भरतो. आपल्या राज्याने तर या नात्याचे एक उत्तम उदाहरण घालून दिले. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिच्यासाठी पैसा उभा करावा म्हणून १९७५ साली शहरांतल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. आणि योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातला थोडा पैसा रानातल्या मजुराच्या हाती पडावा, इतकी ती सरळ गोष्ट होती. आणि त्याच योजनेत खोट्या हजेरीपत्रकांचा रोगही शिरला. जे कामावर नव्हते त्यांची नावे, जे हयात नव्हते त्यांचे अंगठे! 'आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं', दुसरे काय?

या रोगावर औषध सापडले ते गावातच. राजस्थानात १९९४ पासून मजुरांनी जनसुनावण्या घेतल्या. हजेरीपत्रक गावासमोर मोठ्याने वाचायचे, आणि ज्याचे नाव आले त्यानेच उठून सांगायचे की मला पैसे मिळाले की नाही. त्या चळवळीतून आणि आपल्याकडे अण्णा हजारे यांच्या उपोषणांतून माहितीच्या अधिकाराची मागणी पुढे आली. महाराष्ट्राने २००२ चा कायदा केला आणि २००५ साली देशाचा कायदा झाला. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर. उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. यातील एका कलमाकडे मी विद्यार्थ्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. अर्जदाराने माहिती कशाला हवी याचे कारण सांगावयाचे नाही, आणि उत्तर पाठविण्यापुरता पत्ता सोडून स्वतःबद्दल काहीही सांगावयाचे नाही. खिडकीचा नेहमीचा नियम येथे उलटा झाला आहे. सांगायचे कचेरीने, विचारायचे आपण!

आपल्या भागाला आणखी एक अधिकार आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरकडील राजुरा-जिवती बाजूची काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि त्याप्रमाणे पंचायतीला योजनांच्या पैशाच्या विनियोगाचे प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावे लागते. सरपंचाने सही केली, ग्रामसेवकाने शिक्का मारला, एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. गावाने 'होय, काम झाले' म्हणावे लागते. किती गावांत हे खरोखर होते? जेथे ग्रामसभा ही कोऱ्या वहीवर घेतलेल्या सह्यांपुरती उरली आहे, तेथे हा अधिकार पेटीत ठेवलेल्या दागिन्यासारखा आहे.

जेथे तो वापरला गेला, ते गाव मात्र आपल्या शेजारीच आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा तेथे उभी केली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गेली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी वाहतुकीचा परवाना हवा होता, आणि तो मिळेना. कारण कोणते? तर १९२७ च्या वन कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होते, म्हणून तो गौण वनोपज नव्हे! २००६ च्या कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट लिहिलेला असूनही खिडकी उघडली नाही. गावाने ना हात जोडले, ना दगड उचलला. कायद्याचे शब्द पुढे ठेवून ते अडून राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. अर्ज करणारे गावच आता परवाना देणारे झाले. खिडकीची बाजू बदलणे म्हणतात ते हेच. आणि जो पैसा आला त्याचा हिशेब सर्वांसमोर द्यावयाचा, ही शिस्त त्या गावाने आधीच लावून घेतली होती, म्हणून ते जमले.

आता राहिला खाजगीपणा. आपल्याकडे पुष्कळांना वाटते की हे शहरातल्या सुखवस्तूंचे खूळ आहे. खेड्यात कोणाच्या चुलीवर काय शिजते ते सर्वांना ठाऊक; तेथे कसले आले खाजगीपण? पण गावाला माहीत असणे आणि कागदाला माहीत असणे यांत फरक आहे. गावाला जे माहीत असते ते माणसासकट माहीत असते. त्यात दया असते, उपकार असतात, 'आपल्याही घरात असेच झाले होते' ही आठवण असते. कागदाला यातले काही नसते. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, आणि कोठे जाऊन थांबेल याचा नेम नसतो. मागच्या पावसाळ्यात एका बसस्थानकाबाहेर मी भजी घेतली, तो पुडा एका भरलेल्या सरकारी अर्जाच्या झेरॉक्सचा होता. नाव, फोटो, बँक खात्याचा क्रमांक, घरात विधवा कोण, अपंग कोण, सारे त्यावर होते. आणि खाली तेलाचा डाग. कोण्या बाईने हे सारे विश्वासाने लिहून दिले असेल!

कायद्याने या प्रश्नाकडे फार उशिरा पाहिले. उत्तर प्रदेशातील खडकसिंग याच्या घरी पोलीस रात्री-अपरात्री जाऊन थाप मारीत. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रात्रीच्या त्या भेटी बेकायदा ठरविल्या. पण खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, असेही म्हटले. ज्या जिल्ह्याने रात्रीच्या थापेची भीती वर्षानुवर्षे अनुभवली, आणि थाप कोणाचीही असो उत्तर मात्र घरच्यांनाच द्यावे लागले, त्याला या खटल्याचे मर्म निराळे सांगायला नको. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. शासनाला त्यात हात घालायचा असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतील. त्यासाठी कायदा आहे, हेतू योग्य आहे, आणि हेतूच्या मानाने मागणी जास्त नाही. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने अनुदानाच्या योजनांसाठी आधार कायम ठेवले. पण बँक खाते आणि मोबाईल यांना ते जोडण्याची सक्ती रद्द केली. आधार क्रमांक जाहीररीत्या प्रसिद्ध करण्यासही कायद्याने बंदी आहे. म्हणून लाभार्थ्यांच्या यादीत आधार क्रमांक फलकावर लागलेला दिसला, तर तो काढायला लावण्याचा आपल्याला अधिकार आहे. जेथे झेरॉक्स द्यावीच लागते तेथे क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतील अशी प्रत मिळण्याची सोय आहे. आणि त्या प्रतीवर 'फक्त अमुक कामासाठी', तारीख, सही, एवढे लिहून द्यावे.

येथे एक नवी अडचण उभी राहिली आहे आणि ती विद्यार्थ्यांनी समजून घेतली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे एक कलम बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंध असेल तर मागता येत असे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे कारण नकाराला पुरते. हजेरीपत्रकावरची नावे वैयक्तिक, ठेकेदाराचे नाव वैयक्तिक, असे उत्तर येऊ लागले तर जनसुनावणीत वाचायचे काय? ज्या ढालीने दुबळ्याचे रक्षण व्हायचे तिच्याआड बलवान लपला, असे व्हायला वेळ लागणार नाही. मात्र त्याच कायद्यातील दुसरे एक कलम शिल्लक आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. यापुढे अर्जात ते हित स्पष्ट शब्दांत मांडावे लागेल.

खाजगीपणा आणि हिशेब यांचा झगडा आहे असे कोणी सांगितले तर मला ते पटत नाही. सर्वांच्या पैशाने झालेल्या कामाचा हिशेब सर्वांपुढे यावा. कोणता रोग आहे, घरात कोण सोडून गेले, खात्यात किती शिल्लक आहे, हे ज्याचे त्याच्यापाशी राहावे. बंधाऱ्यावर कोणाला किती मजुरी मिळाली हे गावाने वाचावे. त्या मजुरीचे त्याने काय केले हे विचारू नये. एवढी रेघ ओढता आली म्हणजे पुष्कळ झाले.

आपल्या महाविद्यालयातील बहुतेक मुले घरातील पहिलीच पदवीधर होणार आहेत. घरचे अर्ज त्यांनाच भरावे लागतात, आणि उद्या त्यांतील काही जण तलाठी, ग्रामसेवक, कारकून होऊन खिडकीच्या पलीकडे बसतील. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे की आज अर्ज देताना पोच मागा, नकार आला तर लेखी कारण मागा, ग्रामसभेत हिशेब वाचून दाखवा म्हणा, आणि झेरॉक्स देताना ती कशासाठी हे त्यावर लिहा. आणि पलीकडे बसाल त्या दिवशी, समोरचा माणूस किती लांबून आला आहे हे आधी विचारा. मग कागद मागा.